पोतं एकट्याचं नसते

काका बोलत असायचे एकाशी आणि सोलून ठेवायचे दुसऱ्यापुढे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं लक्ष नाही. समोरच्या एका डॉक्टरांशी ते हायवेच्या रुंदीकरणावरून तावातावानं भांडत होते आणि हात आपले चालूच. शेपटी पिळायची, कवच काढायचं, आतला तुकडा डावीकडे सरकवायचा. डावीकडे मी उभी होते. सातवा महिना, नवऱ्याच्या मागं मागं आलेली, त्या लाल ढिगाकडे बघून मनातल्या मनात 'अरे देवा' म्हणणारी. पाच-सहा तुकडे साठले तेव्हा कुठं मला कळलं, की हे आपल्यासाठी आहेत. मी खाल्ले. काकांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. तुकडे येत राहिले.

ही २००३ च्या एप्रिलमधली गोष्ट. आम्ही शुगर लँडला नुकतं घर भाड्यानं घेतलं होतं. नितीन सकाळी सातला गाडी घेऊन ह्यूस्टनच्या ऑफिसला जायचा तो संध्याकाळी सातला उगवायचा. मला कामाचा व्हिसा नाही, लायसन्स नाही, आणि बाहेर पाऊल टाकावं तर असा दमट उकाडा की नको ते चालणं. मी कऱ्हाडची. आमच्याकडे दारात उभं राहिलं तरी चार माणसं बोलून जातात. इथं दारात उभं राहिलं की फक्त स्प्रिंकलर सुरू व्हायचा.

दोन घरं सोडून काका राहायचे. मूळचे भंडारा जिल्ह्यातले. सत्तरच्या दशकात केमिकल इंजिनिअर म्हणून इकडे आले, रिफायनऱ्यांत जन्म घालवला आणि आमच्या थोडं आधीच रिटायर झाले. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण आमच्यापैकी कुणी ते कधी वापरलंच नाही. पलीकडच्या मेक्सिकन कुटुंबातली पोरंसुद्धा त्यांना 'काका' म्हणायची. त्यांना ते नावच वाटायचं. तीस वर्षं अमेरिकेत राहूनही काकांचं 'काहून' आणि 'बाप्पा' जसंच्या तसं होतं. इंग्रजी बोलतानाही मधेच 'नो बाप्पा' म्हणायचे.

एप्रिल आला की काकांचे फोन सुरू व्हायचे. तिकडे ई-मेलवर रंगीत आमंत्रणं पाठवायची फॅशन आली होती, पण काकांचा फोन दोन वाक्यांचा. "शनिवारी या. जुने कपडे घाला." की ठेवला फोन. 'कोण बोलतंय' विचारायलाही सवड नाही.

आता त्या लाल ढिगातले क्रॉफिश काय प्रकरण आहे ते सांगते. बोटाएवढा जीव, पुढून खेकडा, मागून कोळंबी. काका म्हणायचे, "दोघांचं लेकरू आहे, पण गेलं कोणावरच नाही." लुईझियानात भाताच्या शेतांतल्या पाण्यात ते पिकवतात. येतात जाळीच्या पोत्यातून, जिवंत, तीस-पस्तीस पौंडांचं एकेक पोतं. त्यातलं अर्धं पोतं कुणी देत नाही. आणि आणलं की शिजवायचं. मेलेला माल टाकून द्यावा लागतो. मग घरात दोन माणसं असली तर करायचं काय?

"माणसं बोलवायची, अजून काय!" काका म्हणायचे. "पोतं एकट्याचं नसते ना बाप्पा."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं असेल. कुणी 'यंदा जमणार नाही' म्हटलं, की हे. कुणी 'आम्ही नवीन आहोत, कुणाला ओळखत नाही' म्हटलं, की हेच. मुळात हे वाक्य त्यांचं नव्हतंच, असं त्यांनीच मला सांगितलं. पहिली नोकरी लुईझियानात लागली तेव्हा ते एकटे होते, तिशीतले. जेवणाच्या सुट्टीत पार्किंग लॉटमध्ये गाडीची काच वर करून डबा खायचे. एक दिवस रिफायनरीतल्या क्लोव्हिस नावाच्या वेल्डरनं काचेवर टकटक केलं. शनिवारी ये म्हणाला, जुने कपडे घाल म्हणाला. काकांनी विचारलं, का? तर म्हणाला, पोतं आणलंय, ते एकट्या माणसाचं नसतं.

"त्या दिवसापासून काच खाली," काका म्हणाले.

तर माझ्या त्या पहिल्या शनिवारी काकांच्या ड्राइव्ह-वेवर लाकडी घोड्यांवर प्लायवूडच्या दोन मोठ्या फळ्या, त्यांवर वर्तमानपत्रं. तीही मराठी. भंडाऱ्याहून काकांचा भाऊ पार्सलमध्ये वस्तू गुंडाळायला ती वापरायचा आणि काकू घड्या घालून जपायच्या. क्रॉफिश, बटाटे, मक्याची कणसं, लसणाचे गड्डे असा सगळा वाफाळता ढीग त्यावर ओतला, की बाजूबाजूनं माणसं वाचायला लागायची. 'अहो, साकोलीला पूल झालेला दिसतोय!' 'तो सहा वर्षांपूर्वी झाला, खा.'

ताट नाही, चमचा नाही आणि खुर्ची तर अजिबात नाही. पन्नास माणसं आली तरी सगळी उभी. मला सातवा महिना म्हणून काकूंनी आतून खुर्ची आणली, तर काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं. "पाय दुखून राहिले का बेटा? दुखत असतील तर बस. नाहीतर उभी राहा. बसला की माणूस आपल्यापुरतं खाते." मी उभी राहिले. हट्टी आहेच मी.

आणि शाकाहाऱ्यांचं पातेलं! ते सांगितलं नाही तर काका सांगितलेच नाहीत असं होईल. आमच्यात निम्मी माणसं शाकाहारी. त्यांच्यासाठी वीस पावलं लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, ढवळायला निळी चिकटपट्टी लावलेलं वेगळं लाकडी वल्हं. त्यात बटाटे, मका, मशरूम, लिंबं. एका वर्षी कुणीतरी उत्साहात क्रॉफिशच्या मोठ्या हंड्यातलं वल्हं त्या पातेल्यात घातलं. कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. काकांनी ते अख्खं पातेलं मागच्या अंगणात ओतलं, घासलं आणि पुन्हा पाणी चढवलं. शाकाहारी मंडळी तासभर उशिरा जेवली. मी म्हटलं, "काका, कुणाला कळलं असतं?" तर म्हणाले, "मले कळलं ना." असा माणूस. खोटं बोलणं त्यांना जमायचंच नाही. पुढं जे घडलं त्यासाठी हे लक्षात ठेवा.

२००५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, महिन्याभरात दोन वादळं आली. दुसरं आमच्यावर येणार म्हणून आम्ही सगळे गाड्या काढून निघालो, वीस तास हायवेवर अडकलो आणि वादळ शेवटी लुईझियानाच्या बाजूला वळलं. आमच्या फक्त फांद्या पडल्या. क्लोव्हिसचं घर गेलं. समुद्राजवळच्या गावात त्याचं लाकडी घर होतं. जोतं तेवढं राहिलं. बायको आधीच वारलेली. काका पिकअप घेऊन गेले आणि त्याला घेऊन आले, 'दोन आठवड्यांसाठी'.

दोन आठवड्यांचे सात महिने झाले. घराच्या जागेवर जे सापडलं ते सगळं काकांनी गॅरेजमध्ये आणून लावलं होतं. चिखलानं भरलेलं कपाट, एक शिवणयंत्र, बिनदाराचा फ्रीज आणि क्लोव्हिसचा क्रॉफिशचा हंडा. हंडा अर्ध्या मैलावर कुणाच्या तरी शेतात उपडा सापडला होता. क्लोव्हिस त्या सामानात घडीच्या खुर्चीवर बसून राहायचा. सकाळी बसला की संध्याकाळी उठायचा. चिखल धुवूही द्यायचा नाही, काही टाकूही द्यायचा नाही. सहा फूट उंच, हातावर वेल्डिंगचे डाग, बहात्तर वर्षांचा माणूस. विचारलं तर 'येस मॅम', 'नो मॅम'. त्यापुढं एक अक्षर नाही.

माझी ईशा तेव्हा अडीच वर्षांची. तिला घेऊन मी रोज तिथं जायची. काका त्याच्या शेजारी उभे राहून बडबड करायचे. मराठीतसुद्धा करायचे; त्याला काय फरक पडत होता? "बोलत राहावं लागते," मला म्हणाले. "माणूस आत असते, त्याला आवाज तरी आला पाहिजे."

मार्चमध्ये क्लोव्हिसच्या मुलीचा फोन आला. ती टेनेसीत राहायची. वडिलांना असं दुसऱ्याच्या घरी किती दिवस ठेवायचं, म्हणाली. तिनं तिकडं वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली होती. एप्रिलमधल्या क्रॉफिशच्या शनिवारी ती येणार, वडील कसे आहेत ते बघणार आणि तसेच असतील तर सोबत घेऊन जाणार. तिचंही चुकीचं नव्हतं.

त्या दिवशी पहिल्यांदा मी काकांना बसलेलं पाहिलं. ड्राइव्ह-वेच्या कठड्यावर बसले होते. "तिथं तो महिनाभर नाही जगत," म्हणाले. "तिकडं भिंतीशिवाय काही नाही. शनिवारी तो उभा राहिला पाहिजे. तिनं एकदा त्याला हंड्यापाशी उभा पाहिला ना, ती नाही नेणार. बसलेला दिसला तर नेते."

क्लोव्हिसला त्यांनी सांगितलं, यंदा हंडा तुझा, चूल तुझी. क्लोव्हिस म्हणाला, "यू डू इट." बस.

शुक्रवारी संध्याकाळी काका दोन पोती घेऊन आले. एरवी पोती गॅरेजमध्ये ठेवायचे, पण गॅरेज सामानानं भरलेलं. काकू म्हणाल्या, "माझ्या टबात लोक आंघोळ करतात." मग काका माझ्याकडे आले. "तुझ्या टबात ठेवतो रात्रीपुरती. वर ओला टॉवेल टाक, बर्फ टाक. बूच लावू नको हं. फक्त ओलं राहू दे."

"काका, मी कृष्णाकाठची आहे," मी म्हटलं. "खेकडे मला शिकवता?"

आमच्या टबचा खटका मोडला होता, म्हणून नितीननं काळं रबरी बूच आणलेलं होतं. ते तिथंच साबणाशेजारी होतं. काका गेल्यावर मी डोकावून पाहिलं. जाळीतून नांग्या बाहेर आलेल्या, आतून सारखी खसखस, बारीक बुडबुड्यांचा आवाज. ईशा म्हणाली, "मम्मा, दे वाँट वॉटर." खरं सांगते, मला कसंतरीच झालं. पाण्यातला जीव आणि त्याला ओल्या टॉवेलवर ठेवायचं? आमच्याकडे खेकडे आणले की कसे घागरीत पाणी घालून ठेवायचे! काका इंजिनिअर, त्यांना काय कळतंय, असंही मनात आलं, लपवत नाही. मी बूच लावलं आणि टब काठोकाठ भरला. पोती बुडाली. खसखस थांबली. मला वाटलं, बरं वाटलं बिचाऱ्यांना.

सकाळी साडेसहाला ईशा बाथरूममधून पळत आली. "मम्मा, दे आर ऑल स्लीपिंग."

मी गेले. पोतं हलवलं. दुसरं हलवलं. एक नांगी हलेना. पाण्याला वास सुटला होता. नितीन म्हणाला, "अगं, त्यांनी सांगितलं होतं ना बूच लावू नको म्हणून?" मी त्याच्यावर ओरडले, मग रडले, मग तशीच गाऊनवर ओढणी घेऊन काकांकडे धावले.

काका आले. टबापाशी उभे राहिले. मी सारखं "काका, चुकलं हो, काका, मी..." करत होते. त्यांनी एक क्रॉफिश काढून हातात घेतला, पुन्हा ठेवला. "साचलेल्या पाण्यात एवढी गर्दी. पाण्यातली हवा संपली बेटा. ओल्यावर ते दोन दिवस जगते." एवढंच. आवाज चढला नाही, कपाळाला आठी नाही. मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"काका, ती मुलगी एक वाजता येणार. आता हो काय करायचं?"

काकांनी एकदा टबाकडे पाहिलं. मग त्यांनी बाही वर केली, बूच ओढलं, पाणी जाऊ दिलं आणि दोन्ही पोती उचलली. मी मागं मागं. सरळ गॅरेजमध्ये गेले आणि क्लोव्हिसच्या पायांशी ती पोती धप्पकन टाकली.

क्लोव्हिसनं खाली पाहिलं. वाकला. जाळी फाडली. एक उचलला, वास घेतला. मग वर पाहिलं आणि सात महिन्यांत पहिल्यांदा त्यानं आपणहून काही विचारलं. "यांना पाण्यात कोणी ठेवलं?"

मी तोंड उघडलं. काका म्हणाले, "मी."

"तू?"

"मी. टब भरला पाण्यानं. वाटलं, बरं वाटेल त्यांना."

क्लोव्हिसचा चेहरा लालबुंद झाला. "तू? बत्तीस वर्षं! बत्तीस वर्षं तुला शिकवलं! शाळकरी पोरसुद्धा असं करत नाही!" पुढचं मी लिहिणार नाही, काही शब्द मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि काही फ्रेंच होते. ईशा माझ्या मागं लपली. आणि मला दिसलं, तो ओरडताना उभा राहिला होता. खुर्ची मागं कलंडली तिकडं त्याचं लक्षही नव्हतं. काका मान खाली घालून ऐकत होते. मधेच म्हणाले, "म्हातारा झालो रे मी. बटाटेच उकडू यंदा." हे आगीत तेल होतं. क्लोव्हिसनं काकांच्या खिशातून पिकअपची किल्ली ओढून घेतली. "तू हात लावू नकोस कशाला! हंडा घास. तेवढं तरी नीट कर." आणि पिकअप काढून निघून गेला.

काकू धावत आल्या. "अहो, एकट्याला गाडी दिलीत? सात महिन्यांत हात लावला नाही त्यानं स्टिअरिंगला!"

"दिली नाही. त्यानं घेतली," काका म्हणाले आणि त्यांनी हंडा घासायला घेतला. तो सात महिन्यांचा वाळलेला चिखल होता. मीही घासायला बसले. नऊ वाजले, दहा वाजले, अकरा. पूर्वेला लुईझियानाच्या हद्दीकडे शेतांवर जायला दोन तास, यायला दोन. क्लोव्हिसकडे सेलफोन नव्हता. बारा वाजता काका रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.

त्याची मुलगी एकला दहा कमी असतानाच आली. पन्नाशीची, थकलेली बाई. गॅरेजमध्ये तिनं आडवी पडलेली खुर्ची पाहिली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "व्हेअर इज माय डॅडी?" काकांनी सांगितलं, क्रॉफिश आणायला गेलाय. "तो? गाडी चालवत? तुम्ही त्याला एकट्याला जाऊ दिलंत?" काका पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले. मी देवाचा धावा करत होते. काही झालं असतं तर काय? मी टब भरला होता. सगळं माझ्यापाशी येऊन थांबत होतं.

सव्वा वाजता पिकअप वळली. मागं चार पोती, हलणारी. क्लोव्हिस उतरला तो गुडघ्यापर्यंत चिखलात. तो स्वतः शेतात उतरून माल बघून आला होता. मुलीकडे पाहिलं, गालाला घाईघाईनं ओठ लावले आणि म्हणाला, "रडत उभी राहू नकोस, पाइप धर. आणि त्या माणसाला," काकांकडे बोट, "पाण्यापासून लांब ठेव."

त्या दिवशी पन्नास माणसं जेवली. हंड्यापाशी घामानं निथळत क्लोव्हिस वल्हं फिरवत होता, मसाला कमी म्हणून ओरडत होता, गॅस बंद करून 'आता वीस मिनिटं मुरू द्या, झाकण उघडेल त्याचे हात तोडीन' म्हणत होता. त्याची मुलगी टेबलापाशी उभी राहून खात होती आणि मधेच मनगटानं डोळे पुसत होती. मसाल्याचे हात डोळ्यांना लावता येत नाहीत. संध्याकाळी ती एकटीच परत गेली. जेवताना काका तिच्या उजवीकडे उभे होते. बोलत होते माझ्या नवऱ्याशी.

दुसऱ्या दिवशी मी काकांना म्हटलं, "मी सांगते त्यांना. तुम्ही उगाच बोलणी खाता." काकांनी हात हलवला. "सांगू नको. तुझ्यावर तो चिडला असता का? पोरीवर? 'इट्स ऑल राइट मॅम' म्हणला असता आणि बसला असता पुन्हा. माझ्यावरच तो चिडू शकते. बत्तीस वर्षांचा हक्क आहे." मग हसले. "मले पण बरं वाटलं. किती दिवसांनी शिव्या दिल्या त्यानं."

जो माणूस दुसऱ्या हंड्यातलं वल्हं बुडालं म्हणून अख्खं पातेलं ओतून देतो, त्यानं आयुष्यातलं एक खोटं असं वापरलं. आणि त्याची किंमत पुढं दोन वर्षं मोजली. क्लोव्हिसनं ती गोष्ट सोडलीच नाही. पूर्वेला तासाभरावर त्यानं छोटं घर घेतलं, शेजारी जमवले, पण काकांकडे आला की नव्या माणसाला पहिली ओळख हीच: "हा जगातला एकमेव इंजिनिअर, ज्यानं क्रॉफिश बुडवून मारले." सगळे हसायचे. गल्लीतली पोरंसुद्धा काकांना पाण्याची बाटली दाखवून चिडवायची. काका कपाळाला हात लावून म्हणायचे, "हो बाप्पा, चुकलंच." मी मात्र प्रत्येक वेळी तिथून निघून आत जायची. मला ते ऐकवायचं नाही.

२००८ च्या जानेवारीत काका गेले. सकाळी अंगणात पेपर उचलायला गेले आणि तिथंच. काकूंनी सांगितलं, यंदा काही करायचं नाही. एप्रिल आला. संध्याकाळचे साडेपाच वाजले असतील, फोन वाजला.

"सॅटर्डे. ओल्ड क्लोद्स." ठेवला.

शुक्रवारी संध्याकाळी क्लोव्हिस माझ्या दारात. दोन्ही खांद्यांवर एकेक पोतं. काकूंचं गॅरेज आता मोकळं होतं, लख्ख रिकामं होतं. मी तसं म्हटलं. "नो मॅम," तो म्हणाला. "तुमचा टब." आत आला, पोती टबात ठेवली, ओला टॉवेल अंथरला, बर्फ पसरला. मग साबणाशेजारचं काळं बूच उचललं, शर्टाच्या खिशात घातलं, खिशाचं बटण लावलं आणि टोपीला हात लावून निघून गेला. मी बाथरूमच्या दारात तशीच उभी.

शनिवारी काकांच्याच ड्राइव्ह-वेवर फळ्या लागल्या. काकूंनी जपलेली वर्तमानपत्रं काढून दिली. निळ्या पट्टीचं वल्हं वीस पावलं लांब ठेवलं होतं, कुणी न सांगता. ढीग ओतला गेला, माणसं उभी राहिली. माझ्या उजवीकडे जिथं काका उभे राहायचे, तिथं क्लोव्हिस येऊन उभा राहिला. मला घास जाईना. काकू समोरच होत्या, त्याही नुसत्या उभ्या होत्या.

शेवटी मीच हळूच म्हटलं, "क्लोव्हिस, ते पाणी मी भरलं होतं. काकांनी नाही."

"आय नो," तो म्हणाला. "त्याला मी शिकवलं होतं. त्यानं असं मरेपर्यंत केलं नसतं."

"मग दोन वर्षं त्यांना का..."

"त्याला आवडायचं," तो म्हणाला आणि पलीकडे वळून कुणाशी तरी गॅसच्या शेगडीबद्दल बोलायला लागला.

मी खाली पाहिलं. त्याचे हात चालू होते. माझ्यापुढं साकोलीच्या बातमीवर सोललेले चार तुकडे आले, पाचवा आला, आणि त्यांच्या शेजारी आमच्या टबचं काळं बूच. मी ते ओढणीच्या टोकाला बांधलं. मग एक क्रॉफिश उचलला, शेपटी पिळली, कवच काढलं आणि नितीनशी बोलता बोलता तो तुकडा काकूंच्या पुढं सरकवला.